टोलची वही: पास घेण्याआधी करायचा हिशेब

माझ्या गाडीच्या कप्प्यात एक शंभर पानी वही असते. पुढून पेट्रोलचा हिशेब, मागून टोलचा. मागची बाजू लिहायला लागले ती अण्णांचे पुण्यातले उपचार सुरू झाल्यापासून. दर गुरुवारी इंजेक्शन, म्हणजे दर गुरुवारी सातारा ते पुणे आणि परत. जाताना आधी आनेवाडीचा नाका, मग खेड शिवापूरचा. येताना तेच दोन उलट्या क्रमाने. आठवड्याला चार वेळा टोल. इंजेक्शनचा, तपासण्यांचा, औषधांचा खर्च आम्ही घरात बसून पैसा-पैसा मोजायचो. टोल मात्र फास्टॅगमधून जायचा आणि मेसेज न वाचता पुसला जायचा. तीन महिन्यांची बेरीज केली तेव्हा कळलं, एवढ्यात अण्णांच्या एका मोठ्या तपासणीचे पैसे निघाले असते.

ज्यांच्या घरात असं नेमाने जाणं-येणं आहे, कोणी उपचारासाठी, कोणी नोकरीसाठी, कोणी शिकायला बाहेर असलेल्या पोरांकडे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. टोलचा दर कमी करणं आपल्या हातात नाही. पण आपण कुठल्या नाक्यावरून, कितीदा आणि किती तासांत जातो-येतो हे मोजता येतं, आणि सगळ्या सवलती नेमक्या त्यावरच बेतलेल्या आहेत. त्यामुळे पास घ्यायच्या आधी एक महिना फक्त लिहून काढा: तारीख, नाका, वेळ, कापलेली रक्कम. मेसेज पुसलेले असतील तर फास्टॅग ज्या बँकेचा आहे तिच्या ॲपमध्ये जुना उतारा मिळतो.

आधी बघा, रस्ता कोणाचा आहे

लिहून काढलेल्या प्रत्येक नाक्यासमोर एक खूण करा: केंद्राचा की राज्याचा. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांना केंद्राचे २००८ चे नियम लागू होतात. परतीची सूट, मासिक पास, वार्षिक पास या गोष्टी तिथल्या. राज्याच्या महामंडळाने बांधलेल्या रस्त्यांचे दर आणि नियम वेगळे. गाडी चालवताना हा फरक जाणवत नाही, पैसे कापले जाताना जाणवतो.

आमच्याच बाजूचं उदाहरण घ्या. साताऱ्याहून मुंबईला निघालं की पुण्यापर्यंतचे दोन्ही नाके राष्ट्रीय महामार्गावरचे. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लागतो, तो राज्याचा. तिथे १ एप्रिल २०२३ पासून कारला एका बाजूचे ३२० रुपये झाले आणि केंद्राचा वार्षिक पास तिथे चालत नाही. समृद्धी महामार्गाचंही तसंच. तिथे तर पद्धतच निराळी आहे: कुठे चढलात आणि कुठे उतरलात त्या किलोमीटरचे पैसे लागतात. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा कारला एकेरी २५० रुपये ठरले, तोही पासच्या बाहेर. याउलट वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. गाडी विजेवरची असेल तर द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतू या तिन्हींवर राज्याने ऑगस्ट २०२५ पासून माफी दिली आहे. ती माफी लागू व्हायला गाडीची नोंद यंत्रणेत बरोबर दिसली पाहिजे, म्हणून पहिल्या खेपेनंतर मेसेज जरूर तपासा.

दराबद्दल थोडक्यात सांगते, कारण एप्रिल उजाडला की दरवर्षी हा प्रश्न येतोच. राष्ट्रीय महामार्गाचा कारचा मूळ दर २००७-०८ साली किलोमीटरला ६५ पैसे धरला होता. त्यावर दरवर्षी १ एप्रिलला सरळ ३ टक्के आणि घाऊक महागाईच्या वाढीच्या ४० टक्के अशी भर पडते, आणि शेवटी रक्कम जवळच्या पाचाच्या पटीत आणतात. म्हणूनच काही नाक्यांवर एखाद्या वर्षी दर हलत नाही आणि पुढच्या वर्षी पाच-दहा रुपयांनी वाढतो. मोठे पूल आणि बोगदे मोजताना त्यांची लांबी दहापट धरण्याची रीत होती, त्यामुळे अंतर थोडं असूनही काही ठिकाणी टोल जास्त दिसतो. ज्या टप्प्यात निम्म्याहून जास्त भाग असा पूल-बोगद्यांचाच आहे, तिथे हे गणित जुलै २०२५ मध्ये सौम्य केलं गेलं. म्हणून एप्रिलमध्ये वहीत नव्या पानावर नवे दर लिहायचे, जुन्या आकड्यांवर पुढचा हिशेब करायचा नाही.

चोवीस तासांचं घड्याळ

राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यावरून गेलात आणि चोवीस तासांच्या आत त्याच नाक्यावरून परत आलात, तर दोन्ही वेळचे मिळून दीडपट पैसे लागतात. समजा एकेरी १०० रुपये. जाताना १०० कापले जातील, येताना ५०. वेगळी पावती मागावी लागत नाही, फास्टॅगमधून आपोआप होतं. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की प्रत्येक नाक्याचं घड्याळ स्वतंत्र चालतं.

हे मला एका शुक्रवारी सकाळी समजलं. आदल्या दिवशी आम्ही पहाटेच निघालो होतो. आनेवाडीचा मेसेज सकाळी ६.४० चा, खेड शिवापूरचा ७.४५ चा. इंजेक्शननंतर अण्णांना थंडी भरून आली आणि डॉक्टरांनी रात्रभर ठेवून घेतलं. सकाळी सोडल्याबरोबर निघालो. खेड शिवापूरला ७.३० ला पोचलो. मेसेज आला, निम्मेच पैसे गेले होते. मला वाटलं, वेळेत सुटलो. खंबाटकीचा घाट चढून, उतरून आनेवाडीला आलो तेव्हा ८.३५ झाले होते आणि तिथे पूर्ण टोल कापला गेला. मागच्या सीटवर अण्णा डोळे मिटून पडले होते. मी गाडी बाजूला घेऊन दोन्ही दिवसांचे चारही मेसेज एकाखाली एक वाचले, तेव्हा उलगडा झाला. घराजवळचा नाका जाताना सगळ्यात आधी लागतो आणि येताना सगळ्यात शेवटी. म्हणजे त्याचं घड्याळ सगळ्यात आधी सुरू होतं आणि तिथे पोचायला सगळ्यात उशीर होतो. तुम्ही मुक्काम करून परतणार असाल, तर वेळ मोजायची ती या पहिल्या नाक्यापासून.

आजारी माणूस गाडीत असताना पंचवीस-पन्नास रुपयांसाठी गाडी पळवायची नाही, हे सांगायला नको. पण ज्यांना सकाळी निघायचं की तासाभराने, एवढीच निवड करायची असते, त्यांना याचा फायदा होतो.

वार्षिक पास: दोनशे खेपा म्हणजे नक्की किती

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघाला. सुरुवातीची किंमत ३,००० रुपये; मुदत एक वर्ष किंवा २०० ट्रिप, यातलं जे आधी संपेल ते. एका ट्रिपला १५ रुपये पडले. ऐकायला इतकं स्वस्त, की आमच्या ओळखीत अनेकांनी गणित न करता घेऊन टाकला. मीही घेतला आणि मला तो फायद्याचा पडला. पण सगळ्यांनाच पडेल असं नाही.

पहिला घोटाळा शब्दाचा. आपण 'पुण्याची एक खेप' म्हणतो तेव्हा जाणं-येणं दोन्ही धरतो. पासमध्ये मात्र एक नाका एकदा ओलांडला की एक ट्रिप. माझा एक गुरुवार म्हणजे चार ट्रिप. २०० भागिले ४, पन्नास गुरुवार. वर्षात बावन्न आठवडे. म्हणजे कुठेही दुसरीकडे गेले नाही तरी माझा पास वर्ष भरायच्या दोन आठवडे आधी संपणार. त्यात एकदा अंबाबाईला कोल्हापूरला जाऊन आलो, तासवडे आणि किणी, अजून चार गेल्या. जिथे चढण्या-उतरण्याच्या अंतरावर पैसे लागतात अशा राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकच ट्रिप धरतात, पण आपल्याकडच्या रोजच्या महामार्गांवर प्रत्येक नाका वेगळा.

दुसरी चूक बचत मोजण्यात होते. लोक एकेरी दर गुणिले दोनशे करतात आणि खुश होतात. पण जो त्याच दिवशी परत येतो त्याला पास नसतानाही परतीला निम्मेच पैसे लागतात, हे त्या गुणाकारातून सुटतं. पुन्हा १०० रुपयांचाच नाका धरू. त्याच दिवशी जाऊन-येऊन १५० रुपये. ३,००० रुपये वसूल व्हायला अशी वीस वेळा जाणं-येणं लागतं, म्हणजे चाळीस ट्रिप. मुक्काम करून परतणाऱ्याला दोनशे पडतात, त्याचे पंधरा वेळांत वसूल. तुमच्या नाक्याचा दर १०० च्या जागी घाला आणि वर्षात खरोखर किती वेळा जाता ते वहीत बघून ठरवा. दिवाळी, मे महिना आणि एखादं लग्न एवढ्यासाठीच बाहेर पडणाऱ्या घराला बहुतेक वेळा वरचेवर भरलेला साधा फास्टॅगच पुरतो. ज्यांचा बराचसा प्रवास राज्याच्या रस्त्यांवरून होतो, त्यांनी तर राष्ट्रीय महामार्गाचे नाके तेवढेच मोजायचे. मुंबई-पुणे रोज करणाऱ्या माणसाला द्रुतगती मार्गावर या पासचा काही उपयोग नाही.

माझ्या बाबतीत उत्तर सरळ होतं. आठवड्याला दोन्ही नाक्यांवर जाऊन-येऊन, वर्षभर. शिवाय पास घेतल्यापासून चोवीस तासांची धास्ती गेली. अण्णांना एखादी रात्र थांबावं लागलं तर आता मी टोलचा विचारही करत नाही, आणि मला या पासचा सगळ्यात मोठा फायदा तोच वाटतो.

नाक्याशेजारी राहणाऱ्यांनी थांबावं

माझी आतेबहीण एका नाक्यापासून आठ-नऊ किलोमीटरवर राहते आणि नाक्यापलीकडच्या शाळेत शिकवते. तिने मला फोन केला, "ताई, तू घेतलास तोच पास मी घेऊ का?" मी म्हटलं, आधी मोज. ती रोज दोनदा नाका ओलांडते. शंभर दिवसांत २०० ट्रिप संपणार. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पास चार महिने चालेल, वर्षाला तीन पास, ९,००० रुपये.

तिच्यासाठी स्थानिक मासिक पास आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या बिगर-व्यावसायिक गाडीला तो मिळतो. २०२५-२६ या वर्षाला महिन्याचे ३५० रुपये होते, वर्षाला ४,२००. त्या एका नाक्यावर कितीही वेळा जा-ये करा. जिथे सेवा रस्ता किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध आहे तिथे मात्र हा पास नाकारला जाऊ शकतो. नाक्यावरच्या कार्यालयात आरसी आणि राहत्या पत्त्याचा पुरावा घेऊन जायचं. आधार कार्डावर जुना पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या. बहिणीचे दोन हेलपाटे त्यातच गेले.

पिवळ्या पाटीच्या गाड्यांना वार्षिक पास नाहीच. माझे दीर सातारा-पुणे प्रवासी गाडी चालवतात, त्यांना मी वेगळा हिशेब करून दिला. पन्नास एकेरी खेपांच्या टोलच्या दोन-तृतीयांश रकमेत महिन्याचा पास मिळतो. १०० रुपयांच्या नाक्याला तो ३,३३३ रुपयांच्या आसपास पडेल. रोज जाऊन-येऊन करणाऱ्याला परतीच्या सवलतीसह पंचवीस दिवसांचे ३,७५० होतात, म्हणजे चारशेच्या वर बचत. पण या पंचवीसांतले तीन दिवस जरी गाडी उभी राहिली तरी ही बचत संपते. लग्नसराईच्या महिन्यात घ्यावा, पावसाळ्यात घेऊ नये, असं आमचं ठरलं आहे.

पास घेताना

राजमार्गयात्रा हे ॲप किंवा महामार्ग प्राधिकरणाचं अधिकृत संकेतस्थळ, एवढ्याच दोन ठिकाणांहून वार्षिक पास घ्या. मेसेजमध्ये आलेल्या दुव्यावर जाऊन पैसे भरू नका, 'सवलतीत पास' म्हणून फोन करणाऱ्याला गाडी नंबर आणि ओटीपी सांगू नका. नवा टॅग लागत नाही. गाडीवर आहे त्याच टॅगवर पास चढतो. टॅगवर गाडीचा नोंदणी क्रमांक चढलेला हवा. नवी गाडी घेताना शोरूममधून बऱ्याचदा चासी क्रमांकावरच टॅग मिळतो आणि पुढे नंबर आला तरी तो तसाच राहतो. तसं असेल तर आधी बँकेकडे नंबर चढवून घ्या. टॅग काचेला नीट चिकटवलेला असू द्या. हातात धरून दाखवायचे सुटे टॅग काळ्या यादीत टाकायला सुरुवात झाली आहे.

पासचे पैसे फास्टॅगच्या शिलकीतून जात नाहीत, वेगळे भरावे लागतात. आणि पास घेतला म्हणून शिलक शून्यावर येऊ देऊ नका. राज्याचा नाका लागला की पैसे त्या शिलकीतूनच कापले जातात. पास एकाच गाडीपुरता असतो, दुसऱ्या गाडीवर हलवता येत नाही, पैसेही परत मिळत नाहीत. मुदत संपली की टॅग आपोआप साधा होतो आणि पूर्ण टोल कापायला लागतो. २०० ट्रिप वर्षाच्या आत संपल्या तर नवा पास लगेच घेता येतो.

नाक्यावर अडलात तर

टॅग चालला नाही तर काय, याचा नियम १५ नोव्हेंबर २०२५ पासून बदलला. दोष तुमच्या टॅगचा असेल, म्हणजे टॅगच नाही, शिलक नाही किंवा टॅग काळ्या यादीत आहे, तर रोख दिल्यास दुप्पट आणि यूपीआयने दिल्यास सव्वापट, असं तेव्हा ठरलं. १०० चे २०० किंवा १२५. कर्मचारी रोखच मागत असेल तर आधी क्यूआर कोड मागा. दोष त्यांच्या यंत्राचा असेल, तुमचा टॅग चालू आणि शिलक पुरेशी असेल, तर २०१८ च्या नियमाप्रमाणे पैसे न घेता सोडायला हवं आणि शून्य रुपयांची पावती द्यायला हवी. हे सांगायचं तर शिलक दाखवता आली पाहिजे, म्हणून नाक्याच्या रांगेत लागायच्या आधी शेजारी बसलेल्याला ॲप उघडायला सांगा.

एका लांबच्या प्रवासात माझा टॅग वरच्या यंत्राला वाचता आला नाही. कर्मचाऱ्याने हातातलं छोटं मशीन काचेला लावलं, दांडी उघडली, मी निघाले. एक मेसेज लगेच आला, दुसरा चार मिनिटांनी, त्याच नाक्याचा, तेवढ्याच रकमेचा. वरच्या यंत्रानेही उशिरा वाचलं होतं. नाक्यावर फोन केला तर म्हणाले, "ताई, येतात परत आपोआप." आठ दिवस वाट पाहिली, आले नाहीत. मग टॅग देणाऱ्या बँकेच्या ॲपमध्ये तो व्यवहार उघडून तक्रार नोंदवली, कारण म्हणून 'दोनदा कपात' निवडलं आणि दोन्ही मेसेजचे फोटो जोडले. त्यानंतर पैसे परत आले. तेव्हापासून मी त्याच संध्याकाळी तक्रार करते. चुकीच्या वर्गाचा टोल कापला, म्हणजे कारला मिनीबसचा दर लागला, किंवा गाडी घरी उभी असताना मेसेज आला, तरी वाट हीच: आधी टॅग देणारी बँक, आणि राष्ट्रीय महामार्गावरची तक्रार असेल तर १०३३ हा क्रमांक. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, दुसऱ्यांदा फोन केल्यावर पहिला प्रश्न तोच येतो.

एक गोष्ट गाडी विकणाऱ्यांसाठी. अण्णांची जुनी गाडी आम्ही विकली, कागद केले, किल्ली दिली आणि टॅग काचेवर तसाच राहिला. दीड महिन्याने अण्णांच्या फोनवर कुठल्याशा नाक्याचे मेसेज यायला लागले, आणि शिलक आमची जात होती. घेणाऱ्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने सांगितल्यावर लगेच पैसे पाठवले. पण किल्ली देण्याच्या दिवशीच बँकेला कळवून टॅग बंद करायचा आणि शिल्लक रक्कम व अनामत परत मागायची, हे काम आपलं होतं.

आज गुरुवार होता. घरी आल्यावर चार ओळी लिहिल्या: दोन आनेवाडीच्या, दोन खेड शिवापूरच्या, रकमेच्या जागी शून्य. पासवर ४४ ट्रिप उरल्या आहेत, म्हणजे अकरा गुरुवार. डॉक्टरांनी आज सांगितलं की पुढच्या महिन्यापासून इंजेक्शन पंधरा दिवसांनी एकदा पुरेल. म्हणजे तेच अकरा गुरुवार आता वर्षाची मुदत संपेपर्यंत पुरतील, आणि पुढचा पास घ्यायचा की नाही याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडायचा आहे.